चाकाचा आऊट निघतो, वादाचा निघत नाही

आधी कामाचं सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त सायकल दुरुस्त करून हवी आहे त्यांना माझी बाकीची बडबड वाचावी लागणार नाही. ठाण्यात उपवन तलावाच्या अलीकडे, येऊरच्या चढाला लागायच्या आधी, दहा बाय बाराच्या गाळ्यात हे दुकान आहे. पाटीवरची अक्षरं पावसाने कधीच धुऊन नेलीत. बाहेर जुन्या टायरांची माळ टांगलेली दिसली की थांबायचं. पंक्चर ५० रुपये, चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचे १५०, गिअरची केबल बदलून सेटिंग ३००, पूर्ण ओव्हरहॉल १२००. सकाळी साडेसहाला शटर वर. मंगळवारी बंद. काम चोख, भाव वाजवी, बसायला दोन स्टुलं आणि एक उलटा क्रेट. वेळेची मात्र हमी नाही, आणि त्याला फ्रान्समधली एक शर्यत कारणीभूत आहे.

आता बडबड.

मी ३१ वर्षं एसटी चालवली. खोपट आगार. ठाणे-नाशिक केली, माळशेजमार्गे आळेफाट्याच्या फेऱ्या केल्या, पावसाळ्यात घाटात दरड आली म्हणून रात्र गाडीतच काढली. २०१९ला निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. उभा जन्म बसून काढलेल्या माणसाला चाला म्हणायला काय जातं! धाकट्याची गिअरची सायकल गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामाला होती, ती खाली उतरवली. पहिल्या दिवशी वर्तकनगरपर्यंत गेलो आणि सायकल हातात धरून चालत परत आलो, म्हणजे डॉक्टरांचं ऐकल्यासारखंच झालं. आता आठवड्यातून तीनदा येऊर चढतो. धापा टाकत, पण न उतरता.

या दुकानात मी आलो तो दुसरीकडे पोळून. चढावर चेन मागच्या मोठ्या चक्रावर घेतली की कट्‌कट् करत उड्या मारायची. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये दाखवली. नाव घेत नाही. एसी चांगला होता. तिथल्या मुलाने सायकलला हात न लावता कॉम्प्युटरवरून एस्टिमेट काढलं: कॅसेट (मागच्या चक्रांचा गठ्ठा) नवी, चेन नवी, मागचा गिअर नवा, चाकही नवं, मिळून ९,४०० रुपये. मी म्हटलं, अरे, घंटी तरी जुनी राहू दे. तो हसला नाही.

येऊरहून उतरताना एका ओळखीच्या माणसाने हे दुकान दाखवलं. गल्ल्यावर दादा होते. मी त्यांना चेनचं सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "मला नका सांगू, डॉक्टरना सांगा," आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं. आत वहिनी बसल्या होत्या, ओढणी कमरेला खोचलेली, बोटं काळी. दुकानाचे खरे मिस्त्री त्या. दादा गिऱ्हाईक सांभाळतात, ट्यूब बदलतात, चहा मागवतात आणि बोलतात.

वहिनींनी पायडल उलटं तीनदा फिरवलं, मग सायकलच्या मागे उकिडवं बसून एक डोळा मिटला. "काका, गाडी उजव्या अंगावर पडली होती का?" पडली होती, गॅलरीतून उतरवताना. "हँगर वाकलाय. बाकी काही नाही." हँगर म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा कान. तो वाकला की गिअर तिरका होतो आणि चेन आपल्या चक्रावर न बसता शेजाऱ्याच्या दारात डोकावते. लांब दांड्याचं हत्यार लावून त्यांनी तो कान पिळून सरळ केला. चेन झिजली आहे का ते पट्टी घालून मोजलं. "अजून चालेल. नवी घालू नका. हजारेक किलोमीटर झाले की या." ९,४०० रुपयांचं दुखणं ४५० रुपयांत बरं झालं, त्यातही १५० आऊटचे होते.

त्या आऊटबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोखंडी अँगलचा घरी वेल्डिंग केलेला स्टँड आहे, त्यावर चाक चढवतात. वहिनींनी कडेच्या पट्टीवर पांढरा खडू टेकवला आणि चाकाला एक टिचकी दिली. रिम जिथे बाहेर आली होती तिथेच खडूची रेघ उमटली, बाकी कोरी. मग त्या तारा छेडायला लागल्या. तंबोऱ्यासारखं एकेका तारेला बोट लावायचं आणि कान द्यायचा. मागच्या चाकाच्या चेनकडच्या तारांचा आवाज चढा असतो, डावीकडच्यांचा खालचा. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, हे मला तेव्हा कळलं. सहा-सात तारा ट्रिंग वाजल्या आणि एक ठक्क. "ही गप्प आहे," त्या म्हणाल्या. पाव फेरा, परत टिचकी, परत खडू. पुन्हा पाव फेरा. कुठे घाई नाही, कुठे जोर नाही. पंधरा मिनिटांनी चाक फिरलं तेव्हा खडू रिमला सगळीकडून सारखा घासला, एकच बारीक वर्तुळ.

३१ वर्षांत आगारात खूप मेकॅनिक पाहिले. आवाजावरून दुखणं ओळखणारे त्यात तिघेच होते, आणि तिघेही पान खायचे. या बाई पान खात नाहीत, एवढाच फरक.

आता त्या शर्यतीकडे येतो, कारण दुकानाचं परीक्षण त्याशिवाय अर्धं राहील. काउंटरच्या खणात लाल पुठ्ठ्याची लांबट वही आहे, वाणी उधारी लिहितात तसली. पुढून उधारी आणि मागून टूर द फ्रान्स, म्हणजे तीन आठवडे रोज चालणारी ती फ्रान्समधली सायकल शर्यत; सगळ्या दिवसांचा मिळून ज्याला वेळ कमी लागतो तो जिंकतो. जुलै जवळ आला की जो कुणी स्टुलावर बसतो त्याने वहीत पहिले तीन क्रमांक लिहायचे, पहिल्या-दुसऱ्यात किती मिनिटांचं अंतर पडेल तेही लिहायचं आणि सही करायची. जो सगळ्यात चुकेल त्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ. शर्यत रोज तिकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपते, म्हणजे इकडे रात्रीचे नऊ. शटर अर्धं खाली, मोबाइल टूलबॉक्सला टेकवलेला आणि आठ-दहा डोकी त्यावर वाकलेली. मी आधी लांबूनच हसायचो. घाटात माणसं चढताना बघायला काय मजा, मी जन्मभर तेच बघितलं. मग एका रात्री बसलो आणि अडकलो.

वहीतलं पहिलं पान २०२०चं. कोविडचं वर्ष, जो तो सायकल घ्यायला निघालेला, दुकानात ट्यूबसाठी रांग. त्या वर्षी शर्यतही जुलैऐवजी ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली. पानावर अकरा नावं, त्यातल्या दहा जणांनी लिहिलेला पहिला क्रमांक: रोग्लिच. अकरावा पेपर टाकणारा पोरगा, त्याने लिहिलं पोगाचार. का, तर म्हणे नाव आवडलं. शेवटून दुसऱ्या दिवशी एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची फेरी होती, शेवटी मोठा चढ. रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. दादा अजून उभं राहून दाखवतात तो कसा हेल्मेट वाकडं झालेल्या अवस्थेत वर आला ते. पोगाचारने ती टूर ५९ सेकंदांनी जिंकली, २२ वर्षांचा व्हायला एक दिवस बाकी असताना. पोऱ्याने दहा जणांकडून मिसळ खाल्ली. सलग दहा दिवस. त्याचं पोट बिघडल्यावर नियम बदलून 'शेवटच्याने सगळ्यांना' असा केला.

तेव्हापासून वहीत दोनच नावांचं राज्य आहे. २०२१ पोगाचार. २०२२ आणि २०२३ विंगेगार्ड. २०२४ आणि २०२५ पुन्हा पोगाचार. २०२४ला तर त्याने मेमध्ये इटलीतली जिरो आणि जुलैत टूर, दोन्ही मारल्या. १९९८च्या पान्तानीनंतर हे कुणाला जमलं नव्हतं. यंदा विंगेगार्डला ४ मिनिटं २४ सेकंदांनी मागे टाकलं, चौथी टूर. सगळेच एक नाव लिहायला लागले तर मिसळीचे पैसे कोण देणार, म्हणून दादांनी यंदापासून नवा नियम काढलाय: पहिल्या जागी पोगाचार लिहिलात तर अर्धाच गुण.

वही खरं तर जूनमध्ये उघडते. पण २०२६चा मार्ग ऑक्टोबरात जाहीर झाला आणि त्यात आल्प द्युएझ लागोपाठ दोन दिवस आहे हे कळल्यावर कुणाला धीर धरवेना. १३.८ किलोमीटरचा चढ, २१ वळणं, सरासरी ८ टक्क्यांच्या वर. पॅरिसच्या आधीचे दोन दिवस तिथेच शेवट. त्यातही दुसऱ्या दिवशी आधी क्रोआ द फेर, मग तेलेग्राफ, मग २,६४२ मीटरचा गालिबिए, आणि मागच्या बाजूने सारेन चढून वर. एका दिवसात ५,६०० मीटरची चढाई. आम्ही येऊर चढून आलो की चहावाल्याला सांगत सुटतो, अशी आमची लायकी. पण मत द्यायला लायकी लागत नाही, नाहीतर ठाण्यात क्रिकेटवर कुणी बोललंच नसतं.

तर गेल्या रविवारी, म्हणजे २०२५च्या ऐन मार्गशीर्षात, सकाळी साडेसातला सभा भरली. लोकलचे एक मोटरमन साहेब, दातांच्या डॉक्टर असलेल्या एक मॅडम, बांदोडकर कॉलेजचा एक पोरगा, दादा, वहिनी आणि मी. मी सगळ्यांचा ड्रायव्हरकाका.

मोटरमन साहेबांचं मत त्यांच्या नोकरीसारखं, रुळावरून न हलणारं. "वेळेवर येते ती चांगली गाडी. पोगाचार वेळेवर येतो. अर्धा गुण तर अर्धा गुण." पाच टूर जिंकणारे आजवर चारच झाले: आंकेतिल, मर्क्स, इनो आणि इंदुराइन. पोगाचार जिंकला तर त्या बाकावर पाचवा बसेल. आणि तो २७ वर्षांचा आहे. यात वाद घालण्यासारखं काय आहे, असा साहेबांचा सवाल.

वाद घातला वहिनींनी. वहिनींचं माहेर चेंदणी कोळीवाडा आणि विंगेगार्ड सायकलपटू म्हणून नाव होण्याआधी डेन्मार्कमध्ये माशांच्या कारखान्यात कामाला जायचा. पहाटे मासे बर्फात भरायचे, मग सायकल. हे कळल्या दिवसापासून तो त्यांच्या माहेरचा आहे. १० डिसेंबरला तो २९ वर्षांचा झाला, त्या बुधवारी दुकानात चहाबरोबर बुंदीचा लाडू मिळाला. मार्गशीर्ष नसता तर कोलंबी मिळाली असती, असं दादा म्हणाले. त्याच्या आडनावाचा खरा उच्चार विंगेगो आहे असं कॉलेजचा पोरगा दरवेळी सांगतो आणि वहिनी दरवेळी विंगेगार्डच म्हणतात.

पण त्यांचा मुद्दा माहेरपणाचा नव्हता. हातातलं चाक फिरवत त्या म्हणाल्या, "पोगाचारची तार कुठे गप्प होते ते बघा ना. दोनदाच झाली. दोन्ही वेळा उंचावर, लांबच्या चढाला, आधी दमवल्यावर." आणि हे खरं आहे. २०२२ला ग्रानोंच्या चढावर २ मिनिटं ५१ सेकंद गेले. त्या दिवशी आधी गालिबिएच्या वाटेवर रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ले करत होते आणि हा पठ्ठ्या एकटा दोघांच्याही मागे धावत होता. असले ट्रकवाले मी कसाऱ्यात बघितलेत. पुढचा वाट देत नाही म्हणून चढावर गाडी रेमटवतात आणि वर पोचेपर्यंत रेडिएटरमधून वाफा. २०२३ला लोझच्या चढावर तर एका दिवसात ५ मिनिटं ४५ सेकंद. वायरलेसवरून त्याने टीमला सांगितलं की मी संपलो. आख्ख्या दुकानाने ते ऐकलं. दादा म्हणतात, वहिनींनी त्या रात्री शटर पूर्ण वर केलं होतं.

"पण तेव्हा एप्रिलमध्ये मनगट मोडलं होतं त्याचं," मोटरमन म्हणाले. "सराव बुडालेला. यंदा लोझ पुन्हा होता की. काय झालं? उलट त्यानेच विंगेगार्डला ९ सेकंद मागे टाकलं."

इथे वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "विंगेगार्ड २०२४च्या एप्रिलमध्ये पडला, फुप्फुसाला मार लागला, बरगड्या मोडल्या, आणि तरी जुलैत दुसरा आला. आणि २०२२ला पोगाचार उतारावर घसरला तेव्हा हा थांबला होता त्याच्यासाठी." याचा पुढच्या जुलैशी काही संबंध नाही. पण त्यावर कुणी काही बोललं नाही, मोटरमन साहेबसुद्धा.

माझ्या मते विंगेगार्डच्या बाजूने खरा मुद्दा वेगळाच आहे. यंदाच्या टूरमध्ये तो कुठे हरला? काँच्या सपाट रस्त्यावर, घड्याळाविरुद्धच्या फेरीत, १ मिनिट ५ सेकंदांनी. आणि हौताकामला, २ मिनिटं १० सेकंदांनी. दोन वाईट दिवसांत शर्यत गेली, पुढच्या दीड आठवड्यात दोघं जवळजवळ बरोबरीने चढत होते. सप्टेंबरात त्याने स्पेनची व्हुएल्ता जिंकली. २०२६च्या टूरमध्ये एकट्याने पळायची फेरी एकच, २६ किलोमीटरची, आणि सुरुवातीला बार्सेलोनात अख्ख्या टीमने मिळून पळायचं आहे. म्हणजे काँसारखा घाटा होण्याची जागा कमी.

डॉक्टर मॅडम बेल्जियमच्या एव्हनपुलवाल्या. दात कोरण्याच्या बारकाईने त्यांनी बाजू मांडली: पॅरिस ऑलिंपिकची दोन्ही सुवर्णं, घड्याळाविरुद्ध सलग तीन जागतिक विजेतेपदं, आणि सप्टेंबरात किगालीतल्या जागतिक स्पर्धेत त्याने अडीच मिनिटं आधी सुटलेल्या पोगाचारला रस्त्यात गाठून मागे टाकलं. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, आणि दादांच्या हातातला पान्हा खाली पडला होता. पण पुढच्याच रविवारी रस्त्यावरची शर्यत पोगाचारने जिंकली आणि एव्हनपुल दुसरा. यंदाच्या टूरमध्ये तो तिसरा असताना तुर्मालेच्या चढावर सायकलवरून उतरला आणि घरी गेला. तीन आठवडे टिकायचं तर उंच डोंगर टाळता येत नाहीत. त्यात आता तो नव्या टीममध्ये जातोय, जिथे यंदा टूरमध्ये तिसरा आलेला लिपोवित्झ आहे आणि रोग्लिचही आहे. एक स्टिअरिंग आणि तीन ड्रायव्हर. आगारात अशी ड्युटी लावली तर गाडी फाटकाबाहेरच पडायची नाही.

त्याच्याबद्दल मला एक मात्र वाटतं. गेल्या वर्षी डिसेंबरात सरावाला निघाला असताना टपाल खात्याच्या गाडीचं दार त्याच्यासमोर उघडलं आणि हा त्यावर आदळला. खांदा, बरगडी, हात, सगळं मोडलं. राम मारुती रोडवर रोज ज्यांची अशी दारं उघडतात, त्यांनी उतरण्याआधी आरशात एकदा बघावं. एवढंच.

कॉलेजच्या पोराचा हिरो देल तोरो, मेक्सिकोचा, नुकताच २२ वर्षांचा झालाय. यंदाच्या जिरोत ११ दिवस आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर होती. शेवटून दुसऱ्या दिवशी फिनेस्त्रेच्या कच्च्या चढावर तो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत बसले, तू ओढ, मी का ओढू, आणि सायमन येट्स पुढून निघून गेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. शर्यत ३ मिनिटं ५६ सेकंदांनी गेली. त्याच फिनेस्त्रेवर २०१८ला येट्सची स्वतःची जिरो गेली होती, म्हणून मला त्याचं बरं वाटलं. पोरगा म्हणतो, देल तोरो शहाणा झाला असेल. झालाही असेल, पण तो पोगाचारच्याच टीममध्ये आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. राहिल्याच तर मोठी पुढे आणि छोटी पाणी भरायला.

त्याच म्यानात तिसरीही आहे, अल्मेडा. हा माझा माणूस. व्हुएल्तात अंग्लिरूच्या चढावर तो विंगेगार्डला पाठीवर घेऊन एका वेगात चढत राहिला, मागे वळून न बघता, आणि शेवटी जिंकलाही. त्याला झटके देता येत नाहीत, उड्या मारता येत नाहीत. एक गिअर धरायचा आणि वर पोचायचं. खरा एसटीचा ड्रायव्हर. यंदा टूरमध्ये पहिल्याच आठवड्यात पडून बरगडी मोडली, नाहीतर कदाचित तिसरा आला असता. पण आपली टीमच आपल्याला पुढे पाठवणार नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

उतारावरचा वाद मीच काढला. चढ सगळे बघतात, उतार कोण बघतो? ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ. आणि २०२२ला पिडकॉक हा इंग्लंडचा पोरगा गालिबिए असा उतरला की मी खुर्चीचा दांडा धरून ब्रेक दाबत होतो. ताशी १०० किलोमीटरच्या वर, दोन बोटं रुंद टायरसुद्धा नाहीत. पुढे तो आल्प द्युएझही जिंकला. यंदा व्हुएल्तात तिसरा आलाय. २०२६ला पुन्हा गालिबिए, पुन्हा आल्प द्युएझ. वहिनी म्हणाल्या, "काका, उतारावर अर्धा मिनिट मिळतं, चढावर पाच जातात." बरोबर आहे. तरी तिसऱ्या जागेसाठी मी त्याचं नाव बराच वेळ मनात धरून होतो.

फ्रान्सच्या १९ वर्षांच्या पॉल सेशासचं नाव दादांनी काढलं. १९८५च्या इनोनंतर फ्रान्सच्या माणसाने स्वतःच्या देशातली ही शर्यत जिंकलेली नाही, ४० वर्षं झाली. एवढं ओझं पोराच्या पाठीवर आत्ताच नको, असं सगळ्यांचं एकमत झालं. सकाळभरातलं ते एकमेव एकमत. मेमध्ये आधी जिरो आहे, तिचं काय, तर वहीत जिरोला पान नाही. मेमध्ये दादा गावी जातात. पुढच्या महिन्यात आपल्या पुण्यात १९ ते २३ जानेवारीला ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर आहे, परदेशातल्या टीम येणार आहेत. ती बघायला मात्र दुकान दोन दिवस बंद राहील, गिऱ्हाइकांनी नोंद घ्यावी.

आता तक्रारी. गाडी लावायला खरोखर जागा नाही. बिल मिळत नाही, मागितलंत तर वहीचा कागद फाटतो. हायड्रॉलिक ब्रेक आणि कार्बनची फ्रेम इथे हातात घेत नाहीत, पण ते तोंडावर सांगतात; येत नसलेलं काम घेऊन बिघडवत नाहीत. चहा इतका गोड की माझ्यासारख्याने वासावर समाधान मानावं.

मोठी तक्रार एकच. यंदा १७ जुलैला मी सायकल ओव्हरहॉलला टाकली, उद्या मिळेल म्हणाले. तो हौताकामचा दिवस होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पेराग्युदची डोंगरातली फेरी. सायकल रविवारी मिळाली. मी दादांना म्हटलं, पोगाचार पेराग्युदला २३ मिनिटांत वर पोचला, तुम्हाला तीन दिवस लागले. ते हसण्यावारी गेलं असतं, पण येऊरच्या उतारावर मागचा ब्रेक मुठीपर्यंत आला तरी धरेना. केबलचा बोल्ट ढिला राहिला होता. पुढच्या ब्रेकवर आणि ३१ वर्षांच्या सवयीवर खाली आलो. नवशिका असता तर गेटच्या पत्र्यावर बसला असता.

मी काही न बोलता सायकल वहिनींसमोर उभी केली आणि मूठ दाबून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. सबबी सांगितल्या नाहीत. केबल नवी घातली, पैसे घेतले नाहीत, स्वतः रस्त्यावर दोन चकरा मारून ब्रेक दाबून बघितला. त्या दिवसापासून दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सायकलच्या दोन्ही मुठींवर खडूची एकेक टिकली असते. तपासल्याशिवाय टिकली नाही. आणि जुलैत संध्याकाळी सहानंतर ब्रेकचं काम घेत नाहीत. मी अजून तिथेच जातो. तुम्ही गेलात तर टिकल्या बघून घ्या.

माझं नाव वहीत पेन्सिलीने पडलंय, जूनपर्यंत खोडायची मुभा आहे. खूप विचार केला. मनाने विंगेगार्ड म्हटलं, अंग्लिरूसाठी अल्मेडाला एकदा सलाम केला, पिडकॉकला दोनदा लिहून खोडलं. शेवटी ड्रायव्हरच्या हिशोबाने लिहिलं: पोगाचार, विंगेगार्ड, लिपोवित्झ, अंतर दीड मिनिट. घाट कितीही मोठा असला तरी ज्या गाडीचं इंजिन मोठं आणि जिने दोनदा गरम होऊन पाणी कधी घालायचं ते शिकून घेतलंय, तिच्यावर मी प्रवासी बसवतो. मोटरमन साहेबांनी पाठ थोपटली. वहिनींनी वाचलं, वही मिटली आणि काही बोलल्या नाहीत.

मग पुढच्या चाकाचा आऊट काढायला दिला. काकांना म्हणून नेहमी १२० घेतात. या वेळी पूर्ण १५० घेतले.